अळीच्या रक्ताची नोकरी

एकोणतीस वर्षं मी अळ्यांचं रक्त काढलं. माणसाचं एकदाही काढलं नाही, तरी आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही सकाळी सकाळी दारात उभ्या राहतात. "पद्माक्का, उपाशीपोटीच आलेय. शुगर बघता का?" म्हणत हात पुढे करतात. मी सांगते, अहो, मला फक्त हरभऱ्यावरच्या हिरव्या अळीचं रक्त काढता येतं. तिला शिरा नसतात, रक्त अंगभर मोकळं भरलेलं असतं, आणि ते लालही नसतं, पिवळट हिरवं असतं. हे ऐकल्यावर त्या हात मागे घेतात. मग मी चहा टाकते.

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहाय्यक होते. माझे वडील यंत्रमागावर. लहानपणी तुटलेला धागा शोधून गाठ मारायचं काम माझ्याकडे असे, आणि गाठ अशी बसायची की चादरीवर बोट फिरवूनही लागायची नाही. विभागातल्या जुन्या सरांनी नोकरीच्या मुलाखतीत मला एक अळी आणि केसासारखी बारीक काचेची नळी दिली. "हिच्या पोटाखालच्या पायाला टोचा, थेंब नळीत घ्या, अळी मरता कामा नये." मी घेतला. अळी चालत निघून गेली. माझ्याआधी आलेल्या पदवीधर उमेदवाराने तीन मारल्या होत्या. मी तेव्हा बारावी होते. अळीने मला नोकरी लावली असं आमच्या घरी तेलुगूत सांगतात, तेव्हा ते जास्तच विचित्र वाटतं.

काम काय ते आधी सांगते. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसलेली अळी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिची एक वैरीण आहे. डासाहून जराशी मोठी, बारीक कमरेची काळी माशी. आपल्याला ती काही करत नाही. अळी दिसली की शेपटाची सुई तिच्या अंगात खुपसते आणि आत एक अंडं ठेवून निघून जाते. आपण चष्मा पुसेपर्यंत काम झालेलं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू अळीला आतून खातं, मग बाहेर येऊन कोष विणतं. अळीची नुसती पिशवी उरते.

पण अळीही गप्प बसत नाही. तिच्या रक्तात पेशी असतात. परकं अंडं आत आलं की त्या त्याला येऊन चिकटतात, चपट्या होतात, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, गोधडीवर गोधडी टाकावी तशा. अंडं आत गुदमरतं आणि काळं पडतं. माशीला हे ठाऊक असतं म्हणून ती अंड्याबरोबर एक विषाणूही सोडते. त्याने पेशींची चिकटायची ताकदच जाते. पेशी मरत नाहीत, गोल गोल होऊन तरंगत राहतात, लग्नघरी काम सोडून गप्पा मारत हिंडणाऱ्या पाहुण्यांसारख्या. या पेशी मोजायच्या, कोण चिकटतंय आणि कोण नुसतं हिंडतंय ते बघायचं, ही माझी नोकरी.

आमच्या अनघा मॅडम पुण्याहून आल्या, त्यांनी हा विषय आणला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की जेवणाची शुद्ध नसायची. त्यांच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा एका पेपरात चार ओळी आल्या. बातमी देणाऱ्याला मॅडमनी अर्धा तास नीट समजावलं होतं. मथळा आला, 'अळ्यांची प्रतिकारशक्ती वाढणार. सोलापुरात संशोधन सुरू'.

दोन दिवसांनी खांद्यावर घोंगडं आणि हातात पोखरलेल्या घाट्यांची पिशवी घेऊन एक म्हातारे गृहस्थ विभागात शिरले. सांगोल्याकडचे बिराप्पा. मेंढरं, शेळ्या आणि थोडा हरभरा. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

"हितंच अळ्यांला ताकदीचं औषिद देत्यात न्हवं?"

"नाही हो मामा. आम्ही फक्त बघतो."

"बघता? आमच्या शिवारात येऊन बघा की. अळ्यांला आणि कशाला ताकद पायजे? घाटा न्हाय ठिवला एक!" त्यांनी पेपराचा तुकडा काढला. "ह्यात लिवलंय. मी वाचून घ्येतलंय दोगांकडनं."

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकातून माशीचं अंडं दाखवत माशी अळीचं काय करते ते सांगितलं. बिराप्पा बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. बघत असतानाच त्यांचा आवाज खाली आला.

"म्हंजी ही माशी आपल्या बाजूची?"

"हो."

"आन् तुमी माशीच्या बाजूचं का अळीच्या?"

मॅडम म्हणाल्या, "आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही."

हे काही त्यांना पटलं नाही. पण त्या दिवसापासून सोलापूरला काही काम निघालं की ते विभागात डोकावून जात.

त्याच वर्षी आमच्याकडे डेंग्यू आला. आमचे हे, नरसय्या, चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आठ दिवस दवाखान्यात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण किवी घेऊन येई. एवढे किवी जमले की वॉर्डातल्या सगळ्या खाटांना वाटले. ह्यांनी एकालाही तोंड लावलं नाही. "उंदरागत केस हैत त्याला, मी नै खात," म्हणाले. सकाळी रिपोर्टचा कागद यायचा. त्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा असायचा आणि तो रोज खाली जात होता. डॉक्टर म्हणायचे, काळजी करू नका. मुलगी म्हणायची, आई, डॉक्टर काळजी करू नका म्हणतायत. पेशी कमी पडल्यावर काय होतं ते मी रोज भिंगातून बघत आले होते, त्यामुळे मला कुणाचंच पटत नव्हतं. रजा शिल्लक नव्हती. साडेदहाला तो कागद पर्समध्ये ठेवून मी कॉलेजात जायची आणि अळ्यांच्या पेशी मोजायची. सहाव्या दिवशी ह्यांचा आकडा वर सरकला. आठव्या दिवशी घरी आले, निम्मे झालेले, पण आल्या आल्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून बोलले. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर महिनाभरात आमच्याकडे अंडी काळी पडू लागली.

आधी एखादं दुसरं. मग निम्मी. माशी टोचतेय, अंडं आत जातंय, आणि दुसऱ्या दिवशी अळी उघडून बघावी तर काळा मोती. पेशींनी गच्च आवळलेला. मॅडमचा सगळा प्रकल्प माशी अळीला कसं हरवते यावर उभा, आणि इथे माशीच हरत होती. मॅडमनी आधी एसीवर संशय घेतला. दुरुस्तीवाला तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "मॅडम, एसी चांगलाच आहे. ह्या खोलीत बसतं कोण?" अळ्या म्हटल्यावर चौथ्या वेळी तो आला नाही. मग माश्यांना चाटायला ठेवलेला मध बदलला, पाणी बदललं, कापूस बदलला. अंडी काळीच.

त्यातच तपासणी समिती आली. तिघे जण. त्यांच्या अहवालावर प्रकल्प चालू राहायचा का बंद व्हायचा ते ठरणार होतं. मॅडम दोन दिवस झोपल्या नव्हत्या. अळ्यांचं खाद्य मी त्याच सकाळी शिजवलं होतं. ते बेसनाचं असतं, त्यात यीस्ट, जीवनसत्त्वं आणि टिकण्यासाठी औषधं घालून ताटात थापायचं, गार झालं की चौकोनी वड्या पाडायच्या. ताट माझ्या टेबलावर होतं. शिपायाने चहाचा ट्रे नेमका त्याच्या शेजारी ठेवला.

समितीतले सगळ्यात ज्येष्ठ सर बोलता बोलता वडी उचलून खाऊ लागले. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम भिंतीवरच्या तक्त्याकडे काठी धरून उभ्या होत्या आणि नजर वडीवर होती.

सरांनी वडी संपवली. दुसरी उचलली. "छान आहे. गोड नाही ते बरं. मला साखर चालत नाही. कोणी केली?"

"मी, सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"वेगळीच चव आहे. काय घातलंय?"

"बेसन," मी म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

पुढचा अर्धा तास सर मधुमेहाच्या पथ्याबद्दल बोलले. काळ्या अंड्यांचा कागद फाईलमध्ये तसाच राहिला. जाताना त्यांनी प्रकल्पाचा अहवाल द्यायला सहा महिन्यांची मुदत दिली. ते गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पद्माक्का, त्यात अँटिबायोटिक पण असतं ना?" मी म्हटलं, असतं, पण अळीच्या वजनाच्या हिशोबाने असतं, सर चांगले धट्टेकट्टे आहेत. आम्ही त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. पंधरा दिवस मॅडम काही ना काही निमित्त काढून त्यांच्या ऑफिसला फोन करून तब्येत विचारत होत्या. शेवटी त्यांच्या क्लार्कला वाटलं की मॅडमना निकालाची फारच घाई झालीय.

बिराप्पा पुढच्या वेळी आले तेव्हा मॅडमनी वैतागून त्यांनाच सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ह्या माश्या हितं किती दीस हायत?"

"दोन वर्षं. पिढ्यान् पिढ्या इथेच वाढवल्यात."

"मंग त्येच की! घरातल्या घरात लग्नं लावलीसा. आमी दर दोन साली एडका बदलतो. रगात पातळ हुतंय. भायेरचा नवरा आना."

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्का, यात तथ्य आहे."

आणि आम्ही नवरदेव आणायला सांगोल्याकडे गेलो. बिराप्पांच्या हरभऱ्यावर फवारणी नव्हती, म्हणून माश्या होत्या. साडी खोचून, हातात पांढरी जाळी घेऊन मॅडम आणि मी सरीतून चालत होतो. तासाभरात बांधावर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, रस्त्यासाठी मोजणी आलीय. दुपारपर्यंत पाच जण सातबारा घेऊन हजर. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, माजी हीर वाचवा, बाकी कायबी घ्या." त्यांना मी जाळीतली माशी दाखवली. ते म्हणाले, "हिचं नाव सांगून मोजणी करता व्हय?" आम्ही निघालो तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता.

परत येताना काचेच्या नळ्या स्टीलच्या डब्यात ठेवून डबा मांडीवर घेतला होता. बिराप्पा सोबत होते. एसटीच्या कंडक्टरने डब्याकडे बोट दाखवलं. "काय हाय त्यात?"

"नवरदेव हायत," बिराप्पा म्हणाले.

कंडक्टरने डबा उघडायला लावला. शेजारच्या बाई उठून मागे गेल्या, त्यांच्यामागे आणखी चार जण. "चावत्यात का?"

"फक्त अळीला," मॅडम म्हणाल्या.

कंडक्टरने गाडीभर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारलं, "कुणाकडं अळी हाय का?" कुणाकडेच नव्हती. त्याने घंटी मारली.

त्या नवरदेवांपासून झालेल्या नव्या माश्यांनी टोचलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अळ्या उघडल्या. अंडी काळी.

मॅडम त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी गेल्या. मुदतीतला सव्वा महिना उरला होता.

चार दिवसांनी बिराप्पा आपल्या नवरदेवांची खुशाली विचारायला आले, तेव्हा मी माश्यांना द्यायच्या अळ्या वेगळ्या काढत होते. अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून एकेका छोट्या बाटलीत एकेक. बिराप्पा माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"अक्का, तू कळपातली थोरलीच का काडतीस?"

"थोरली कुठं? सगळ्या एका दिवशी जन्मलेल्या आहेत."

"न्हाय. ही थोरली हाय. ही पन थोरली. ती बारकी तू मागं सारतीस. मगाधरनं बघतोय न्हवं मी. चाळीस वरसं कळप वळलाय."

मॅडम उठून आल्या. अळीचं वय तिच्या डोक्याच्या रुंदीवरून कळतं. प्रत्येक वेळी कात टाकली की डोकं एकदम मोठं होतं. मॅडमनी एक अळी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, मग दुसरी, मग तिसरी. माझ्या हाताने निवडलेली प्रत्येक अळी एक कात पुढची होती. आणि मोठ्या अळीच्या अंगात रक्त जास्त, पेशी जास्त. माशीचा विषाणू तिथे पुरा पडत नाही.

"अक्का, उरलेल्या बारक्यांचं काय करता?"

मी सांगितलं, त्या उद्याच्या तुकडीत घालते. म्हणताना मलाच ऐकू आलं मी काय म्हणतेय ते. उद्या त्या मोठ्या झालेल्या असणार. आणि उद्याच्यातल्या बारक्या मी परवावर ढकलणार. बाटलीवर तारीख मात्र तुकडीची.

मॅडमनी नोंदवही काढली. पहिल्या काळ्या अंड्याची तारीख बघितली. मग हजेरीपत्रकातले माझे उशिराचे आठ दिवस. मीच म्हणाले, "हे दवाखान्यातनं आले, त्याच्यानंतरचं आहे हे."

मी ठरवून काही केलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगेन. तोवर मी हजारो अळ्या त्या माशीपुढे ठेवल्या होत्या, कधी हात अडला नाही. पण त्या आठ दिवसांनंतर बारकी अळी चिमट्यात आली की हात आपोआप बाजूला जायचा. हिच्यात काय पेशी असणार, आजच्या दिवस राहू दे, असं काहीतरी. विचारसुद्धा नव्हता तो.

"सहा महिने," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने मी एसी दुरुस्त करतेय, अक्का."

मी राजीनामा लिहून देते म्हणाले. बिराप्पा म्हणाले, "म्हंजी पेपरवाल्यानं खरंच लिवलं हुतं की! अळ्यांला ताकद हितंच मिळत हुती." आणि घोंगडं तोंडाला लावून हसायला लागले. मॅडमनी त्यांच्याकडे रागाने बघितलं, मग त्यांनाही हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "राजीनामा नको. कोणत्या दिवशी किती अळ्या मागे ठेवल्या, आठवेल तसं सगळं लिहा. एकही लपवू नका."

पुढच्या महिन्यात तोच प्रयोग आम्ही मुद्दाम केला. एकाच दिवशी जन्मलेल्या अळ्या, बारक्या वेगळ्या, मोठ्या वेगळ्या, डोक्यांची रुंदी मोजून. बारक्यांमध्ये अंडी पांढरी स्वच्छ राहिली, मोठ्यांमध्ये काळी पडली. मॅडमनी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं की ही गोष्ट निवडीतल्या चुकीतून लक्षात आली. माझं नाव घातलं नाही, मी घाला म्हटलं तरी. वडीवाल्या सरांनी अहवाल मंजूर केला. बिराप्पांनी त्यातलं कामाचं तेवढं उचललं. गावात सांगायला लागले की अळी बारीक हाय तवर फवारा मारू नका, माशीला तिचं काम करू द्या. पाच सातबारावाल्यांपैकी तिघांनी ऐकलं.

त्या बारक्या अळ्या स्वतःच्या हाताने माशीपुढे ठेवताना मला त्रास झाला. हे लिहायला लाज वाटते, कारण त्या अळीने लोकांचं किती पीक खाल्लंय ते मला चांगलं माहीत आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, मी ठेवते. मी म्हटलं, नको, तुमच्या हाताने दोन दबतील. मग मीच ठेवल्या, एकही न वगळता.

काही बारक्या आम्ही न उघडता तशाच वाढू दिल्या होत्या, शेवटी काय होतं ते बघायला. एकेक करून सगळ्यांतून माशीचं पिल्लू बाहेर आलं. एकीतून आलं नाही. ती खात राहिली, कात टाकत राहिली, मातीत शिरून कोषात गेली. तुकडीतली सगळ्यात बारकी होती ती. मॅडम म्हणाल्या, "हिने कसं काय आवळलं अंडं? लिहून ठेवा. आणि पतंग बाहेर आला की अल्कोहोलच्या बाटलीत घाला, नमुना म्हणून."

दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिची बरणी बघितली तर पतंग बाहेर आलेला. मळक्या रंगाचा, अगदी साधा. पंख अजून ओले होते. मी टेबलाशी बसून ते वाळेपर्यंत वाट बघितली. मग बरणी खिडकीशी नेली, झाकण काढलं, आणि दुसऱ्या दिवशी नोंदवहीत लिहिलं, 'हाताळताना उडाला.'

एकोणतीस वर्षांच्या नोंदींत जाणूनबुजून खोटी अशी ती एकच. मॅडमना हे आत्ताच कळतंय. बिराप्पा मामा, तुम्हीही कुणाकडून तरी हे वाचून घ्यालच, म्हणून सांगते. खिडकी पूर्वेची होती, तुमचं शिवार पश्चिमेला. अक्कलकोटकडच्या हरभरेवाल्यांची मात्र मी मनापासून माफी मागते.